वाढत्या डुकरांच्या खाद्यात कोणते तेल, किती आणि कधीपर्यंत

तेल खाऊ घातले की डुक्कर चरबीला येते, अशी समजूत वराहपालकांत सर्वत्र आढळते. ती अर्धवट आहे. चरबी किती साठते हे खाद्यातल्या एकूण ऊर्जेवर आणि त्या ऊर्जेच्या मानाने लायसिन (स्नायू बांधायला लागणारा प्रथिनातला घटक) किती आहे यावर ठरते. ती चरबी घट्ट पांढरी होणार की मऊ तेलकट, हे तेलाच्या जातीवर ठरते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या हाताळल्या तर पाठीची चरबीही आवरते आणि मांस विकणाराही तक्रार करत नाही.

मेदपेशी कशा तयार होतात

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या अंगात चरबी जेमतेम एक-दोन टक्के असते. पहिल्या दोन महिन्यांत चरबी वाढते ती मुख्यतः नवीन मेदपेशी, म्हणजे चरबी साठवणाऱ्या पेशी, तयार होऊन. दोन ते पाच महिन्यांत पेशींची संख्या आणि आकार दोन्ही वाढतात. त्यानंतर मात्र असलेल्या पेशी फुगणे हाच चरबी वाढण्याचा मुख्य मार्ग राहतो. म्हणून साठ-सत्तर किलोच्या डुकराला दिलेले जादा खाणे आधीच तयार असलेल्या पेशींत जाऊन बसते.

पूर्वपेशीची, म्हणजे अजून चरबी न साठवणाऱ्या कच्च्या पेशीची, मेदपेशी होताना आतली काही जनुके चालू व्हावी लागतात. पीपीएआर-गॅमा नावाचे प्रथिन हे काम घडवून आणते आणि मेदाम्ले, म्हणजे तेल-चरबी ज्यांची बनते ते घटक, त्याला थेट जाऊन चिकटतात. खाद्यातल्या तेलाचा पेशीवर परिणाम होण्याचे एक कारण हेच. प्रयोगशाळेत वाढवलेल्या डुकराच्या पेशींवर माशाच्या तेलातले डीएचए हे मेदाम्ल टाकले की चरबी बनवणारी जनुके मंदावतात. संयुग्मित लिनोलिक आम्ल, म्हणजे सीएलए, याच्या एका प्रकाराने पूर्वपेशींचे रूपांतरच अडते. पण काचेच्या ताटलीतला परिणाम जिवंत डुकरात तेवढ्याच जोराने दिसेल असे धरू नये. गोठ्यात तेलाची जात बदलून पेशींची संख्या फारशी हलत नाही. पेशीत काय भरले जाते ते मात्र स्पष्ट बदलते, आणि पालकाच्या हातात असलेली गोष्ट तीच आहे.

आणखी एक मुद्दा पक्का लक्षात ठेवा. डुकराच्या शरीरात नवी चरबी बनते ती बहुतांशी मेदपेशीतच, आणि कच्चा माल असतो स्टार्चपासून मिळालेले ग्लुकोज. अशी स्वतः बनवलेली चरबी पामिटिक, स्टिअरिक आणि ओलिक आम्लाची असते, म्हणून ती घट्ट असते. चरबी मऊ करणारे लिनोलिक आम्ल मात्र डुकराला बनवता येत नाही. पाठीच्या चरबीत सापडणारे लिनोलिक आम्ल सगळेच्या सगळे खाद्यातून आलेले असते, आणि ते जवळपास जसेच्या तसे साठते. खाद्यात कोणतेही तेल वाढवले की शरीर स्वतःची चरबी बनवणे कमी करते. त्यामुळे सर्वांत घट्ट चरबी हवी असेल तर उत्तर ‘घट्ट तेल घाला’ हे नाही. कमी तेल आणि जास्त स्टार्च हे आहे.

कोणत्या तेलात काय असते

तेल किती मऊ चरबी बनवेल याचा सोपा मापदंड म्हणजे आयोडीन अंक. अंक जितका मोठा, तितके ते तेल असंतृप्त, म्हणजे थंडीतही पातळ राहणारे, आणि चरबी तितकी मऊ. खोबरेल तेलाचा अंक ७ ते ११, गाईगुरांच्या चरबीचा ४० ते ५०, पाम तेलाचा ५० ते ५५, भाताच्या कोंड्याच्या तेलाचा साधारण १००, मक्याच्या तेलाचा सुमारे १२५, सोया आणि सूर्यफुलाचा १३० च्या आसपास, आणि जवसाचा १७० च्या वर. सोया, मका आणि सूर्यफूल या तिन्हींत लिनोलिक आम्ल निम्म्याहून अधिक असते. पाम तेलात ते दहा टक्क्यांच्या आसपास असते.

बाजारात पाम आणि पामोलीन ही दोन्ही नावे एकाच अर्थाने वापरली जातात. पामोलीन हा पाम तेलाचा पातळ भाग आहे; त्याचा आयोडीन अंक थोडा जास्त असतो. घरगुती पाकिटातले पामोलीन वापरले तरी चालते, पण हिशोबात ५३ ऐवजी ५८ धरा.

हिशोब कसा करायचा

खाद्यातल्या प्रत्येक घटकासाठी एकच गुणाकार करायचा: त्या घटकामुळे एकूण खाद्यात आलेले तेल टक्क्यांत × त्या तेलाचा आयोडीन अंक × ०.१. सगळ्यांची बेरीज म्हणजे खाद्याचा गुण. पाठीच्या चरबीचा आयोडीन अंक यावरून अंदाजता येतो: ५२.४ + (०.३१५ × खाद्याचा गुण). हा अंदाज आहे, प्रयोगशाळेचा निकाल नव्हे. पण दोन मिश्रणांची तुलना करायला तो उत्तम चालतो. पाठीच्या चरबीचा अंक ७० च्या आत असेल तर चरबी घट्ट. ७४ च्या पुढे गेला तर कापताना सुरीला लडबडते.

५० किलोच्या पुढच्या डुकरांसाठी १०० किलोचे मिश्रण घेऊ: मका भरडा ६०, सोयापेंड २०, राइस पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) १०, गव्हाचा कोंडा ५.५, पाम तेल २, डायकॅल्शियम फॉस्फेट ०.८, चुनखडी भुकटी ०.९, मीठ ०.३, खनिज-जीवनसत्त्व मिश्रण ०.३ आणि लायसिन हायड्रोक्लोराइड ०.२ किलो. प्रथिने साधारण १६ टक्के आणि ऊर्जा किलोमागे ३,३०० किलोकॅलरीच्या जवळपास मिळते.

आता गुण काढा. मक्यात ३.८ टक्के तेल धरले तर ६० किलो मक्यामुळे खाद्यात २.२८ टक्के तेल येते. त्याचा गुण २८.५. पॉलिशमध्ये १४ टक्के तेल, म्हणजे खाद्यात १.४ टक्के, गुण १४. गव्हाच्या कोंड्याचा २.५, सोयापेंडीचा २.६, पाम तेलाचा १०.६. एकूण ५८. चरबीचा अंदाजे अंक ७०.७. म्हणजे काठावर, पण चालण्यासारखा.

पाम तेल काढून तेवढेच सोया तेल घातले की एकूण गुण ७३.६ आणि चरबीचा अंक ७५.६ वर जातो. इथपर्यंत बहुतेकांच्या लक्षात येते. लक्षात येत नाही ते पॉलिशचे. वरच्या मिश्रणात पाम तेल तसेच ठेवून फक्त १५ किलो मका कमी करा आणि तेवढे पॉलिश वाढवा. गुण ७२ होतो, अंक ७५ च्या पुढे. बाटलीतल्या तेलाचा एक थेंब न वाढवता सोया तेल घातल्याइतकाच परिणाम. पॉलिश स्वस्त मिळते म्हणून २५-३० टक्क्यांपर्यंत घालणाऱ्यांची चरबी मऊ निघते ती यामुळे. मक्याच्या डीडीजीएसचेही, म्हणजे इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या सुक्या चोथ्याचेही, असेच. इथेनॉल कारखान्यांमुळे तो आता सहज मिळतो, त्यात तेल आठ-दहा टक्क्यांपर्यंत असू शकते आणि ते मक्याचेच असते. शेवटच्या टप्प्यात तो दहा टक्क्यांच्या आत ठेवा किंवा बंदच करा.

उलट दिशेचा उपाय कोकणात आणि गोव्यात हाताशी आहे: तांदळाची कणी. कणीत तेल जेमतेम एक टक्का आणि स्टार्च भरपूर. ६० किलो मक्यातला ३० किलो काढून तिथे कणी घातली, बाकी सगळे तसेच ठेवले, तर गुण ४७ वर येतो आणि चरबीचा अंक ६७ च्या आसपास. खाद्यातले लिनोलिक आम्लही २.१ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर उतरते, आणि घट्ट चरबीसाठी हीच मर्यादा धरली जाते. भातगिरणीजवळ राहणाऱ्या पालकाने महाग तेलाच्या मागे लागण्याआधी कणीचा भाव विचारावा.

तेल घातले की लायसिन वाढवा

पाठीवर जाड चरबी येते ती बहुधा इथल्या चुकीमुळे. दोन टक्के तेल मक्याच्या जागी घातले की किलोमागे सुमारे १०० किलोकॅलरी वाढतात. ऊर्जा वाढली की डुक्कर खाणे थोडे कमी करते. खाणे कमी झाले की रोज पोटात जाणारे लायसिनही कमी होते. स्नायू बांधायला लायसिन अपुरे, ऊर्जा मात्र उरलेली. ती ऊर्जा सरळ मेदपेशीत जाते. दोष तेलाला लागतो, चूक मात्र मिश्रणाची असते.

प्रत्येक १,००० किलोकॅलरीमागे पचणारे लायसिन किती हवे ते असे: २५ ते ५० किलो वजनात साधारण ३ ग्रॅम, ५० ते ७५ किलोत २.६ ग्रॅम, ७५ ते १०० किलोत २.२ ग्रॅम. दोन टक्के तेल वाढवताना १०० किलो खाद्यात एक किलो सोयापेंड जास्त घाला, किंवा सुमारे ३० ग्रॅम लायसिन हायड्रोक्लोराइड. एवढ्याने प्रमाण जागेवर येते. हे आकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा लँडरेस या विदेशी जातींच्या चांगल्या संकरांसाठी आहेत. गोव्याच्या अगोंडा गोवनसारखे देशी जनावर कमी वजनातच चरबी धरते. त्याला दोन टक्के जादा तेलाची गरजच नाही, आणि वाढीच्या उत्तरार्धात खाणे मोजून द्यावे.

टप्प्याटप्प्याने कोणते तेल

दूध तुटल्यापासून २०-२५ किलोपर्यंत. या वयात गाईगुरांच्या चरबीसारखी संतृप्त, घट्ट चरबी नीट पचत नाही. सोया तेल किंवा खोबरेल तेल चांगले पचते. खोबरेलातली मध्यम लांबीची मेदाम्ले लहान पिल्लाला झटकन वापरता येतात. दोन ते तीन टक्के पुरे. इथे सोया तेल वापरले म्हणून पुढे चरबी मऊ होईल ही भीती नको, कारण पुढच्या चार महिन्यांत साठणाऱ्या चरबीच्या मानाने आताची फारच थोडी. गाईगुरांची चरबी या टप्प्यात देऊ नका.

२५ ते ५० किलो. तेल शून्य ते दोन टक्के. उन्हाळ्यात एप्रिल-मे मध्ये डुकरे खाणे टाकतात तेव्हा तेल कामी येते, कारण तेल पचवताना अंगात उष्णता कमी तयार होते. थंडीत तेलाशिवायही वाढ उत्तम होते. अर्धे सोया, अर्धे पाम असे मिश्रण चालते.

५० किलोपासून कत्तलीपर्यंत. सोया, सूर्यफूल, मका आणि जवस तेल पूर्ण बंद. लागलेच तर पाम तेल, दोन टक्क्यांच्या आत. खोबऱ्याच्या पेंडीत सहा ते दहा टक्के अतिशय घट्ट प्रकारचे तेल असते, म्हणून ती १० ते १५ टक्क्यांपर्यंत घालावी. तिच्यात लायसिन कमी असते, ते वेगळे भरून काढावे लागते. पेंडीवर बुरशी दिसली तर ती खाद्यात नको. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका खोबऱ्याच्या आणि शेंगदाण्याच्या पेंडीत कायम असतो.

बदल केव्हा करायचा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. साठलेले लिनोलिक आम्ल हळूहळूच पातळ होते. कत्तलीआधी किमान चार आठवडे, जमल्यास सहा ते आठ आठवडे आधी खाद्य बदला. शेवटच्या दहा दिवसांत पाम तेल सुरू करून काहीही साधत नाही. मासळीची कुटी किंवा बाजारातला मासळीचा टाकाऊ माल देत असाल तर तोही याच वेळी थांबवा. माशाच्या तेलाचा वास चरबीत उतरतो आणि शिजवल्यावर कळतो.

सीएलए खाद्यात अर्धा ते एक टक्का घातले तर पाठीची चरबी कमी होते आणि घट्टही होते, कारण स्टिअरिकचे ओलिक करणारे विकर मंदावते. परिणाम खरा आहे, पण किमतीमुळे आपल्याकडच्या कळपांत तो परवडत नाही.

हॉटेलचे खरकटे देणाऱ्यांसाठी

खरकट्यातली चरबी कोणत्या तेलाची आणि किती, हे रोज बदलते. बहुतेक स्वयंपाकघरांत सोया, सूर्यफूल आणि पामोलीन वापरले जाते. वेफर्स-फरसाणात पामोलीन जास्त. त्यामुळे गुणाचा हिशोब इथे जमत नाही. दुसरा मार्ग मात्र आहे: खरकटे उकळून वरचे तेल काढणे. उकळायचे तर रोगासाठीही असतेच. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशातून भारतात शिरला, आपल्याकडे त्यावर लस नाही, आणि कच्चे खरकटे हा त्याच्या प्रसाराचा मोठा मार्ग आहे. म्हणून खरकटे किमान ९० अंशांवर, सतत ढवळत, किमान एक तास उकळलेच पाहिजे. उकळल्यावर ते झाकून निवू द्या आणि वर आलेला तेलाचा तवंग पळीने काढून टाका. रोगाचा बंदोबस्त होतो आणि जादा तेलही निघून जाते. डुकराचे मांस असलेले खरकटे घेऊच नका. कत्तलीआधीचे शेवटचे सहा आठवडे खरकटे निम्म्यावर आणून उरलेले पोट कणी आणि सोयापेंडीने भरा.

वारंवार तळून काळे झालेले तेल स्वस्तात मिळते. ते घेऊ नका. त्यातले खराब झालेले घटक भूक मारतात, जुलाब लावतात आणि जीवनसत्त्व ई संपवतात.

तेल मिसळण्याची रीत

पाम तेल ५० अंशांपर्यंत कोमट करा, म्हणजे हाताला चांगले गरम लागेल पण भाजणार नाही. लायसिन, मीठ, खनिज मिश्रण आणि भुकट्या आधी कोरड्या भरड्यात मिसळून घ्या; तेल आधी पडले की या भुकट्यांच्या गुठळ्या होतात. मग गव्हाचा साडेपाच किलो कोंडा आणि साडेचार किलो मका भरडा वेगळा घेऊन त्यावर दोन किलो तेल थोडे थोडे ओतत हाताने चोळा. मूठ वळली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोकल्यावर लगेच सुटावा. तळव्यावर तेलाचा थर राहिला तर अजून कोंडा लागतो. हे चोळलेले मिश्रण शेवटी मोठ्या ढिगात टाकून फावड्याने तीन वेळा पालथे करा, किंवा मिक्सरमध्ये पाच ते आठ मिनिटे फिरवा.

तेल घातलेले खाद्य हिवाळ्यात दोन आठवड्यांत आणि पावसाळ्यात एका आठवड्यात संपेल एवढेच बनवा. जास्त साठवायचे असेल तर तेलात बीएचटी (तेल खवट होऊ न देणारे रसायन) मिसळा, १०० किलो खाद्यामागे १२ ग्रॅम. राइस पॉलिशचे वेगळे सांगायला हवे: गिरणीतून निघाल्याबरोबर त्यातले विकर तेल फोडायला लागते, आणि दमट हवेत काही दिवसांतच ते कडवट होते. ताजेच घ्या, चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा, कडू लागले तर परत करा.

असंतृप्त तेल वाढले की जीवनसत्त्व ईसुद्धा वाढवावे लागते. किलो खाद्यामागे ३० ते ५० युनिट ठेवा. मांस गोठवून किंवा सॉसेज करून विकणार असाल तर शेवटच्या सहा आठवड्यांत १०० ते २००.

कत्तलीनंतर काय पाहायचे

गरम चरबी सगळीच मऊ असते. ४ अंशांवर २४ तास थंड झाल्यावरच तपासा. शेवटच्या बरगडीपाशी, पाठीच्या मध्यरेषेपासून साडेसहा सेंटिमीटरवर जाडी मोजा. प्रत्येक वेळी हीच जागा. मग त्याच ठिकाणी बोट दाबा. खळगा पडून तसाच राहिला, बोटाला तेल लागले किंवा चरबीचे दोन थर एकमेकांवरून सरकले तर ती मऊ आहे. पोटाची पट्टी आडव्या दांड्यावर मधोमध टाकून पाहिली तरी कळते: घट्ट पोट दोन्ही बाजूंना ताठ राहते, मऊ पोटाची टोके खाली लोंबून एकमेकांना भिडतात. अन्न प्रयोगशाळेत आयोडीन अंक करायला दिलात तर नमुन्यात बाहेरचा आणि आतला असे दोन्ही थर घ्या. बाहेरचा थर नेहमीच जास्त असंतृप्त असतो, तर किडनीभोवतीची चरबी सर्वांत घट्ट. फक्त तिचा नमुना दिला तर निकाल फसवा येतो.

निकाल वाचताना जनावरही पाहा. अगदी सडपातळ डुकराची चरबी, खाद्य बरोबर असूनही, मऊ निघते, कारण थोड्या चरबीत लिनोलिकचे प्रमाण जास्त उतरते. मादी आणि खच्ची न केलेला नर यांची चरबी खच्ची केलेल्या नरापेक्षा मऊ असते. आजारी पडून खाणे सुटलेले जनावरही याच गटात येते. म्हणून एका डुकरावरून खाद्य बदलू नका. एका खेपेतली चार-पाच पाहा. चरबी पिवळसर आणि तिला मासळीसारखा वास असेल तर मात्र थांबू नका: मासळीचा माल बंद आणि जीवनसत्त्व ई सुरू.

गोव्यात चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, करणाऱ्यांना हा फरक हातात घेतल्याबरोबर कळतो. घट्ट चरबीचे तुकडे मिठात, मिरचीत आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरूनही चौकोनी राहतात. मऊ चरबी मसाल्यात विरघळते, आतड्याच्या आवरणातून तेल बाहेर येते आणि टांगलेली माळ खवट होते. अशा गिऱ्हाइकाला माल देणार असाल तर ५० किलोनंतरच्या मिश्रणाचा गुण ५० च्या खाली ठेवा, आणि खेप देण्याआधी कोणत्या तारखेपासून कोणते खाद्य दिले याची नोंद त्याला दाखवा.